कार्ड जमा करा, आजार घेऊन जा

नोकरी सुटते त्या दिवशी कंपनीची स्मरणशक्ती एकदम तल्लख होते. तुमच्या बढतीची फाईल कुठे अडकली, हे पाच वर्षांत कुणाला सापडलेलं नसतं. पण तुम्हाला दिलेला माउस वायरवाला होता की बिनवायरचा, हे आयटीवाल्यांना तोंडपाठ असतं. लॅपटॉप, चार्जर, हेडफोन, ड्रॉवरची किल्ली, पार्किंगचं स्टिकर आणि गळ्यातल्या पट्ट्यासकट ओळखपत्र. सगळ्यांच्या सह्या झाल्या की ‘नो ड्यूज’. तुमच्याकडे कंपनीचं काही बाकी नाही. कंपनीकडे तुमचं जे बाकी आहे ते यथावकाश बँकेत येईल, काळजी नसावी.

या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नसते: मेडिक्लेम. तो परत मागायचा प्रश्नच येत नाही, कारण तो तुमच्याकडे कधी नव्हताच. शेवटच्या दिवसाची मध्यरात्र उलटली की तो बंद होतो. तुमचा बंद, बायकोचा बंद, पोरांचा बंद, आणि आईवडिलांची नावं घातली असतील तर त्यांचाही बंद. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलंय, हे कंपनीला ठाऊक असतं. मागच्याच आठवड्यात तुम्ही त्यासाठी रजेचा अर्ज टाकलेला असतो आणि तो मंजूरही झालेला असतो. रजाच रजा.

‘आपल्याला पाच लाखांचं कव्हर आहे,’ असं आपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगतो. कव्हर असेल, पण पॉलिसी आपली नसते. ग्रुप मेडिक्लेमचा पॉलिसीधारक कंपनी असते. आपण त्या पॉलिसीला जोडलेल्या यादीतली एक ओळ असतो. नवे आले त्यांची नावं घाला, गेले त्यांची काढा, अशी एक एक्सेल शीट एचआरकडून विमा कंपनीकडे जात असते. तुमची ओळ उडाली, आणि वर्षभरात तुम्ही क्लेम केला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा तुमच्या नावचा हप्ता सहसा कंपनीच्या खात्यात परत जमा होतो. तुम्ही जिने चढलात, वडापाव सोडलात, पहाटे उठून टेकडीवर गेलात आणि दवाखान्याचं तोंड पाहिलं नाहीत. त्याचं बक्षीस असं कंपनीला मिळतं.

आता पुढचा अंक. स्थळ: घर. वेळ: नोकरी गेल्याला आठवडा झालेला. पात्रं: 49 वर्षांचे गृहस्थ आणि विमा एजंट.

‘साहेब, काही आजार?’

‘छे हो. थोडी शुगर आहे, तेवढीच.’

‘थोडी म्हणजे?’

‘दोन गोळ्या. सकाळी एक, रात्री एक.’

‘बीपी?’

‘ते या नोकरीमुळे होतं. आता जाईल.’

‘साहेब, फॉर्मवर हो आणि नाही एवढंच आहे. थोडी आणि जाईल असे रकाने नाहीत.’

ग्रुप पॉलिसीत या गृहस्थांना कुणी काही विचारलं नव्हतं. रुजू झाले तो सोमवार आणि मधुमेहाला संरक्षण मिळालं तोही तोच सोमवार. नव्याने स्वतःची पॉलिसी घ्यायची म्हटलं की कॅलेंडर वेगळं. पहिले 30 दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल असल्या यादीतल्या दुखण्यांना साधारण दोन वर्षं थांबा. आणि जो आजार आधीपासून आहे, त्याच्यासाठी तीन वर्षांपर्यंत. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असायची, एप्रिल 2024 पासून तीनवर आणली. एक वर्ष वाचलं. मधुमेहाला तसं कळवून ठेवावं.

बरं, हे सगळं टाळायची सोय नियमांत नाही असंही नाही. आहे! विमा नियामकाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतच स्वच्छ लिहून ठेवलं की ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबीयांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं थांब्याच्या मुदतीत मोजली जातात, जुन्या कव्हरच्या रकमेपर्यंत. म्हणजे चार वर्षं ग्रुपमध्ये होतात, तर शुगरसाठीचा तीन वर्षांचा थांबा तुम्ही बसल्या जागी पुरा करून आलेला आहात. ही विमा कंपनी आवडली नाही तर पुढच्या नूतनीकरणाला पोर्ट करून दुसरीकडे जा. पोर्टेबिलिटी तर 2011 पासून आहे.

इतका चांगला हक्क आहे, तर तो कुणाला माहीत कसा नाही? कारण तो सांगायचा कुणी, हे कुणाच्याच कामाच्या वर्णनात बसत नाही. एचआरला विचारा, त्या म्हणतात ब्रोकरशी बोला. ब्रोकर म्हणतो टीपीएला, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेला, मेल टाका. टीपीए म्हणतो आम्ही फक्त क्लेम बघतो, विमा कंपनीला विचारा. विमा कंपनीचं कॉल सेंटर पॉलिसी नंबर मागतं. तो एचआरकडे असतो. आणि एचआरशी बोलायचा तुमचा ईमेल कालच बंद झालेला असतो.

हक्काला दोन शेपट्याही आहेत. एक, ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाताना विमा कंपनी तुमची प्रकृती तपासू शकते, हप्ता त्याप्रमाणे लावू शकते आणि नाहीही म्हणू शकते. म्हणजे हक्क तुमचा, होकार त्यांचा. दोन, अर्ज मुदत संपण्याच्या निदान महिनाभर आधी द्यावा अशी अपेक्षा. राजीनामा देणाऱ्याला हे जमतं, निवृत्त होणाऱ्याला तर नक्कीच. पण हिंजवडीतल्या ज्या माणसाला सकाळी अकराच्या व्हिडिओ कॉलवर कळतं की आजचाच दिवस, त्याने महिनाभर आधी अर्ज करायचा म्हणजे नोकरी लागल्या दिवशीच करायला हवा. ज्योतिषी मंडळींनी या क्षेत्राकडे लक्ष द्यावं. विमा सल्लागार आणि पंचांग एकाच टेबलावर ठेवायला काही हरकत नाही.

अमेरिकेत हेच कसं चालतं? तिथल्या आपल्या मंडळींना विचारा. तिथल्या एडिसन गावच्या दिवाळी पहाटेला कोण गाणार यावर तासभर बोलणारा माणूस ‘लेऑफ’ म्हणताच पहिलं वाक्य इन्शुरन्सचं काढतो. तिथे 1985 चा एक कायदा आहे. रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली एप्रिल 1986 मध्ये. नाव कोब्रा. विनोद ज्याचे त्याने करून घ्यावेत, इथे जागा कमी आहे. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीतून नोकरी गेली, तर तीच ग्रुप पॉलिसी पुढे 18 महिने चालू ठेवता येते. अगदी तीच. प्रकृतीची तपासणी नाही, नवा थांबा नाही. हवी की नको हे ठरवायला निदान 60 दिवस. त्यानंतर पहिला हप्ता भरायला आणखी 45. आणि हो म्हटलं की कव्हर मागच्या तारखेपासून, म्हणजे जुनं संपलं त्या दिवसापासून. आपली माणसं यातही हिशोबी. साठातले पन्नास दिवस काही न भरता काढायचे आणि पाय मोडलाच तर हो म्हणायचं. कायदा याला परवानगी देतो. सदाशिव पेठेने तो लिहिला असता तरी याहून बारकाईने लिहिला नसता.

मग अमेरिकेत सगळं आलबेल? थांबा, बिल यायचंय. नोकरीत असताना हप्त्याचा मोठा वाटा कंपनी भरत होती. कोब्रात पूर्ण हप्ता तुमचा, वर दोन टक्के व्यवस्थापनाचे. एकूण 102 टक्के. 2024 साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता तिथे 25,572 डॉलर होता. बाराने भागा, दोन टक्के चढवा: महिन्याला दोन हजार एकशे सत्तरच्या वर. पगार शून्य झाला त्याच महिन्यापासून. आणि माणूस एच-वन-बी व्हिसावर असेल तर नवी नोकरी शोधायला त्याच्याकडेही 60 दिवसच, नाहीतर बॅगा. इन्शुरन्स 18 महिने राहू शकतो, ज्याच्यासाठी घ्यायचा तो माणूस दोन महिने.

ही सगळी भानगड मुळात युद्धाची. 1942 मध्ये अमेरिकी सरकारने पगारवाढीवर लगाम घातला. माणसं तर हवीच होती, तेव्हा कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली, कारण तो लगामाबाहेर होता. पुढे 1954 च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. युद्ध संपलं, लगाम सुटला, पण दवाखाना नोकरीच्या दावणीला बांधलेला तो तसाच राहिला. आपल्याकडे असलं कुठलंही कारण नव्हतं. आपण नुसतं पाहून पाहून बांधला.

तरी तिथल्या कायद्यातलं एक कलम मला मनापासून आवडतं. नोकरी सुटली की कंपनीने 30 दिवसांत योजनेच्या व्यवस्थापकाला कळवायचं, आणि व्यवस्थापकाने पुढच्या 14 दिवसांत त्या माणसाला लेखी कळवायचं की बाबा रे, तुला हा हक्क आहे, इतके पैसे, ही तारीख. न कळवलं तर रोजचा दंड. तिकडे पत्र येतं आणि पैसे नसतात. इकडे काहींकडे पैसे असतात आणि पत्र येत नाही.

आता जरा गेटवर येऊ. ज्या काचेच्या इमारतीतून आपले 49 वर्षांचे गृहस्थ खोकं घेऊन बाहेर पडले, तिच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांचा पगार 21 हजारांच्या आत असेल तर ते कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये असतात. पगारातून पाऊण टक्का त्यांचा, सव्वातीन टक्के मालकाचे. ईएसआय म्हटलं की साहेब लोक नाक मुरडतात. रांगा, औषध ‘बाहेरून घ्या’, मुलुंडला जा, वरळीला जा, डॉक्टर आज नाहीत. नाक मुरडायला कारणं आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण 1948 सालच्या जुनाट कायद्यातून आलेल्या या योजनेत नोकरी गेली म्हणून मध्यरात्री दार लागत नाही. भरलेल्या वर्गणीच्या जोरावर उपचार आणखी काही महिने चालू राहतात. आणि निदान पाच वर्षं विम्याखाली नोकरी करून काका वयाने निवृत्त झाले, की वर्गणी भरून त्यांना आणि काकूंना वैद्यकीय सेवा पुढेही मिळते. वर्गणी किती? वर्षाला 120 रुपये. महिन्याला दहा. आतल्या साहेबांच्या कॅफेत या पैशात ग्लासभर गरम पाणीही मिळत नाही.

तर कंपनीत सगळ्यात भारी मेडिक्लेम असलेला माणूस नोकरी सुटताच सगळ्यात उघडा, आणि त्याला रोज सलाम ठोकणारा माणूस त्याच्यापेक्षा झाकलेला. हे गृहस्थांना सांगू नका. बीपी.

बँकेतून निवृत्त झालेले काका-मावशी या विषयावर स्वतंत्र सदर चालवू शकतील. 2015 च्या वेतनकराराबरोबर सरकारी बँकांच्या निवृत्तांसाठी सामूहिक विमा आला. पण नोकरीतल्यांचा हप्ता बँक भरणार, निवृत्तांचा निवृत्तांनी भरायचा. नूतनीकरण नोव्हेंबरात. त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला व्हॉट्सअॅपवर दोन गोष्टी येतात, शुभेच्छा आणि नव्या हप्त्याचा तक्ता. ज्यांनी तीस वर्षं लोकांना व्याजाचे तक्ते समजावून सांगितले, ते हा तक्ता पुन्हा पुन्हा वाचतात, कुठे शून्य चुकून जास्त पडलंय का ते बघायला. पडलेलं नसतं.

केंद्र सरकारच्या निवृत्तांचं बरं आहे. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरली की सीजीएचएसचं, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आयुष्यभरासाठी. माजी खासदारांनाही वर्गणी भरून सीजीएचएसची सोय आहे. म्हणजे पंधरा-वीस लाख मतदारांनी मिळून कामावरून काढलं, तरी दवाखाना सुटत नाही. तुम्हाला एका मॅनेजरने काढलं, तर सुटतो. निवडणूक लढवायचा आणखी एक फायदा मी नोंदवून ठेवतो.

‘मग करायचं काय?’ असा प्रश्न विचारणारे वाचक दोन प्रकारचे. पहिले पस्तिशीतले, ज्यांच्या हातात काही करण्यासारखं आहे पण ज्यांना कंटाळा आहे. त्यांतल्या एकाला मी सांगतो, कंपनीचं कव्हर असताना स्वतःची एक साधी पॉलिसी घे. तो म्हणतो, ‘दोन-दोन कशाला? कंपनीची आहे ना!’ याच माणसाच्या खिशात दोन सिमकार्डं असतात, का तर एकाची रेंज गेली तर. पस्तिशीत घेतलेल्या पॉलिसीचे सगळे थांबे नोकरी चालू असतानाच संपून जातात. पाच वर्षं सलग झाली की फसवणूक सोडून इतर कारणाने, ‘तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं’ म्हणून, क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. फॉर्म भरताना खरं मात्र सांगा, थोड्या शुगरसकट. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय. तेवढ्याने हप्ता हलका वाटत नसेल तर दोष तुमच्या नजरेचा नाही.

दुसरे साठीतले, ज्यांना घाई आहे. नव्या पॉलिसीसाठी नियमांत असलेला 65 वयाचा जुना आकडा एप्रिल 2024 पासून गेला. दार उघडं आहे. आत घेतील, असं मी म्हणालो नाही. आणि घेतलंच, तर हप्त्याचा आकडा बसून वाचावा. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर विमा कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हे जानेवारी 2025 पासून. सत्तरी गाठलेल्यांना सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्नाची अट न पाहता मिळतं. तोवर पुरवून पुरवून आजारी पडावं.

आणि मधले? निवृत्तीची तारीख कळलेले, राजीनामा खिशात घेऊन फिरणारे? त्यांनी ई-कार्ड बाहेर काढावं. त्यावर टीपीएचं नाव ठळक असतं, आपल्याला हवं आहे ते विमा कंपनीचं, ते कोपऱ्यात सापडेल. पॉलिसी नंबर टिपून घ्यावा. ऑफिसचा नव्हे, स्वतःचा ईमेल वापरून विमा कंपनीला आणि एचआरला एकाच पत्रात लिहावं की मला मायग्रेशन हवंय. तोंडी विचारू नये, कारण तोंडी उत्तर ब्रोकरकडे पाठवतं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा वाकडं आलं, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कचेऱ्या मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

दोन नोकऱ्यांच्या मध्ये तीन आठवडे गोव्याला जाऊन येणाऱ्यांची एक जात असते. ‘नवी कंपनी सोमवारी, तोवर मजा.’ त्या तीन आठवड्यांत घरात कुणाचंच कव्हर नसतं आणि गोव्यात भाड्याची स्कूटर असते. हेल्मेट तरी घाला.

हे सगळं एका मोठ्या कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाच्या बाईंना मी परवा बोलून दाखवलं. म्हटलं, कायदा व्हायचा तेव्हा होईल, तुम्ही रिलीव्हिंग लेटरमध्ये एक ओळ टाका. ‘आपला आरोग्य विमा अमुक तारखेला संपत आहे, अमुक विमा कंपनीकडे अर्ज करून तो आपण वैयक्तिक पॉलिसीत नेऊ शकता.’ खर्च शून्य. बाई समंजस होत्या, त्यांना पटलं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘कल्पना सगळ्यांना आवडली हो. पण लेटरचं टेम्प्लेट ग्लोबल आहे. इथून एक शब्दही बदलता येत नाही, हेडऑफिसला विचारावं लागतं. त्यांनी कळवलंय की अशा प्रकारची माहिती कर्मचाऱ्याला देण्याची कंपनीची पद्धत नाही.’

‘हेडऑफिस कुठे तुमचं?’

‘न्यू जर्सीला.’